मनाचा अभ्यास करायचा, पण कोणत्या दाराने?

मानसशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षात पोहोचलेल्या गोमंतकीय विद्यार्थ्यांसमोर पर्यायांची भलीमोठी यादी असते. क्लिनिकल सायकॉलॉजी, समुपदेशन, मानसोपचार समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य, न्यूरोसायन्स अशी नावे अनेक, शुल्क निरनिराळे आणि बऱ्याचदा शिक्षणासाठी राज्याबाहेर जाणे भाग. घरची माणसे विचारतात, ‘पुढे नोकरी कसली मिळणार?’ विद्यार्थ्याच्या मनात मात्र एवढ्या वर्षांच्या अभ्यासाने आणखी एक प्रश्न रुजवलेला असतो. ज्याविषयी इतके वाचले, ते मन म्हणजे नेमके काय? मेंदूतील रासायनिक घडामोड, विचारांच्या सवयी, की माणसाच्या घरादाराची आणि परिस्थितीची त्याच्या आत उमटलेली छाया?

पहिला प्रश्न व्यवहाराचा आणि दुसरा तत्त्वज्ञानाचा, असे समजून बहुतेक जण दुसरा बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले आहेत. आरोग्यक्षेत्रातील प्रत्येक अभ्यासक्रम मनाविषयीच्या एखाद्या विशिष्ट समजुतीवर उभा असतो. त्यामुळे अभ्यासक्रम निवडताना विद्यार्थी, कळत नकळत, मनाकडे कोणत्या बाजूने पाहायचे हेही ठरवत असतो. त्यातच कोणत्या पदवीने कोणते काम करता येईल, याच्या मर्यादा कायद्याने आखल्या आहेत. या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार केला, तर निवडीतील गोंधळ बराच कमी होतो.

जुना प्रश्न, निरनिराळी उत्तरे

भारतीय दर्शनांनी मनाला आत्म्यापासून वेगळे काढले. सांख्यांच्या मते मन हे अकरावे इंद्रिय; ते प्रकृतीचा भाग, तर जाणणारा पुरुष त्याहून निराळा. वेदान्ताने अंतःकरणाचे मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार असे चार व्यापार सांगितले. समर्थ रामदासांनी तर मनालाच समोर बसवून २०५ श्लोकांतून त्याची समजूत घातली. आपले मन आपल्यापासून थोडे दूर धरून न्याहाळता येते आणि त्याला वळणही लावता येते, ही कल्पना त्यामुळे मराठी माणसाला परकी नाही.

युरोपात सतराव्या शतकात देकार्तने शरीर आणि मन ही दोन भिन्न तत्त्वे मानली. त्या विभागणीला पुढे वैद्यकातील अनुभवांनी धक्के दिले. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेमार्गाच्या कामावर असलेल्या फिनिआस गेज या मुकादमाच्या कवटीतून सुरुंगाच्या स्फोटाने लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण मेंदूच्या पुढच्या भागाला झालेल्या इजेनंतर त्याचा स्वभाव पालटल्याचे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले. स्वभावासारखी ‘मनाची’ गोष्ट मेंदूच्या पेशींशी किती घट्ट बांधलेली आहे, याचे हे उदाहरण मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हमखास आढळते.

उलट बाजूचे उदाहरण गोव्याचे आहे. पणजीत आदिलशाही राजवाड्याशेजारी १९४५ पासून उभा असलेला आबे फारियांचा पुतळा राज्यातील प्रत्येकाने पाहिलेला असतो. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूने १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग केले. संमोहन करणाऱ्याच्या देहातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याचा रुग्णावर परिणाम होतो, अशी मेस्मरच्या अनुयायांची तेव्हाची समजूत होती. फारियांनी ती नाकारली. असा कोणताही द्रव नसतो. जे घडते ते समोरच्या व्यक्तीच्या स्वतःच्या मनात, तिच्या एकाग्रतेमुळे आणि तिला मिळालेल्या सूचनेमुळे घडते, असे त्यांचे म्हणणे होते. १८१९ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. शब्दाने मनात बदल घडू शकतो, ही आजच्या संवादोपचारांच्या मुळाशी असलेली जाणीव एका गोमंतकीयाने दोनशे वर्षांपूर्वी अशी मांडली होती.

मेंदूला इजा झाली तर मन बदलते. नुसत्या शब्दानेही मन बदलते. दोन्ही खरे असेल तर उपचार कशावर करायचे? अमेरिकन वैद्य जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये याला दिलेले उत्तर आज जगभर शिकवले जाते. आजाराचे जैविक, मानसिक आणि सामाजिक असे तीन पदर असतात आणि त्यांतला एकही वगळून आजार पुरता समजत नाही, असे त्यांनी मांडले. नोकरी गेल्यानंतर दारूकडे वळलेल्या, झोप उडालेल्या आणि जगण्यात रस न उरलेल्या माणसाचे उदाहरण घेतले, तर हे तिन्ही पदर एकाच वेळी दिसतात. पदव्युत्तर अभ्यासक्रम मात्र यांपैकी एखाद्याच पदरापासून सुरुवात करतो.

कोणता मार्ग कुठून सुरू होतो?

न्यूरोसायन्स जैविक पदर हाती घेते. स्मृती कशी साठते, भीती मेंदूत कशी निर्माण होते, औषध पेशींवर काय परिणाम करते, हे प्रश्न इथले. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि बंगळुरूची निम्हान्स ही या क्षेत्रातील प्रमुख नावे. हा मार्ग मुख्यतः प्रयोगशाळेचा आणि संशोधनाचा आहे. रुग्णांसोबत बसून काम करण्याची ओढ असलेल्याने हे आधीच ध्यानात घ्यावे.

क्लिनिकल सायकॉलॉजी मानसिक पदराशी सर्वांत जवळची. मानसिक चाचण्या, निदानातील सहभाग आणि संवादोपचार हे तिचे काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे लिहून देत नाही. तो अधिकार मानसोपचारतज्ज्ञाचा, आणि त्यासाठी एमबीबीएसनंतर मानसोपचारातील पदव्युत्तर शिक्षण लागते. कला किंवा विज्ञान शाखेची पदवी घेऊन मागच्या दाराने तिथे जाता येत नाही.

मानसोपचार समाजकार्य सामाजिक पदरापासून सुरू होते. रुग्ण घरी परतल्यावर त्याला कोण सांभाळणार, त्याचा रोजगार कसा सुरू होणार, कुटुंबाला आजार कसा समजावायचा, हे या व्यावसायिकाचे प्रश्न. रुग्णालयातून सुटी मिळालेला माणूस काही आठवड्यांत पुन्हा भरती होतो की सावरतो, हे पुष्कळदा याच कामावर ठरते.

सार्वजनिक आरोग्य एका रुग्णाकडून साऱ्या लोकसमूहाकडे नजर वळवते. देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि १९९६ पासून तो जिल्हा पातळीवर नेण्याचे प्रयत्न झाले. अशा योजना आखणे, त्यांचा खर्च आणि परिणाम तपासणे, हे या शाखेचे काम. तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था अशा ठिकाणी हे शिक्षण मिळते. प्रवेशासाठी कोणत्या शाखेची पदवी चालते, हे मात्र संस्थेनुसार बदलते.

पदवीवरचे नाव आणि कायद्याचा शब्द

सर्वाधिक फसगत होते ती इथे. मानसशास्त्रात एम.ए. झाले म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालो, हा समज चुकीचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, या शब्दाची व्याख्या ठरवून दिली आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीतील पात्रता हवी. किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर, रुग्णांसोबतच्या देखरेखीखालील प्रशिक्षणासह, दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. हवे. मानसोपचार समाजकार्यालाही समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीनंतर अशाच दोन वर्षांच्या एम.फिल.ची अट आहे.

या अटी सध्या संक्रमणातून जात आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. मानसिक आरोग्याच्या या दोन शाखांना अपवाद करून तिथले प्रवेश २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत ग्राह्य धरण्यात आले. दुसरीकडे पुनर्वास परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पदवी, पदव्युत्तर आणि साय.डी. अशा नव्या अभ्यासक्रमांची चौकट आणली आहे. चार-पाच वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या वरिष्ठांचा सल्ला म्हणूनच आज जसाच्या तसा उपयोगी पडेलच असे नाही.

समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञांचा समावेश २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात झाला आहे. त्याचा एक थेट परिणाम विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावा. या कायद्याच्या कक्षेतील अभ्यासक्रम, मानसशास्त्रासह, दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केली आहे. घरबसल्या एम.ए. करून समुपदेशन सुरू करण्याची आकर्षक जाहिरात दिसली, तर हा नियम आठवावा.

गोव्यातील प्रयोग काय सांगतो?

या अटी कडक असण्यामागे कारण आहे. मन दुखावलेला माणूस उपचारकर्त्यासमोर अगदी उघडा पडलेला असतो आणि अर्धवट ज्ञानाने त्याचे नुकसान होऊ शकते. पण दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या काळात मानसिक विकार असल्याचे आढळले. उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण विकारानुसार ७० ते ९२ टक्क्यांच्या घरात होते. केवळ तज्ज्ञांच्या बळावर ही दरी भरून निघणे कठीण आहे.

तिच्यावर उपाय शोधणारे, जगभर चर्चिले गेलेले काम गोव्यात झाले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने मानसिक आरोग्याचे कोणतेही व्यावसायिक शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. नैराश्याने गंभीररीत्या ग्रासलेल्या रुग्णांशी त्यांनी सहा ते आठ बैठकांत संवाद साधला. मनाला उभारी देणाऱ्या कृती दिनक्रमात हळूहळू परत आणणे, हा त्या संवादाचा गाभा होता. राज्यातील १० केंद्रांत झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या त्या पातळीतून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

मग एवढे शिकायचे कशाला, असा प्रश्न इथे कोणी विचारील. उत्तर त्याच प्रयोगात आहे. बैठकांची आखणी करणे, समुपदेशकांना शिकवणे, त्यांच्या कामावर लक्ष ठेवणे, परिणाम मोजणे आणि गुंतागुंतीचा रुग्ण वेळीच ओळखून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे, ही कामे प्रशिक्षित माणसांचीच होती. यापुढे मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात येणाऱ्याला स्वतः उपचार करण्याबरोबरच इतरांना उपचारासाठी तयार करावे लागेल. आणि ते काम मराठी, कोकणी अशा रुग्णाच्या भाषेत करता आले पाहिजे. कारण जिवाची घालमेल माणूस आपल्याच भाषेत सांगतो.

अर्ज भरण्याआधी

माहितीपत्रक हाती आले की काही गोष्टी नेमकेपणाने विचाराव्यात. अभ्यासक्रमाला कोणत्या वैधानिक संस्थेची मान्यता आहे आणि ती चालू वर्षासाठी आहे का? पदवीनंतर नोंदणी कोणत्या नावाने होईल? रुग्णांसोबत प्रत्यक्ष किती तास काम करायला मिळेल आणि त्यावर देखरेख कोण करील? चौथे ऑनर्स वर्ष करून एक वर्षाची पदव्युत्तर पदवी घेतली, तर पुढच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला ती चालेल का? या प्रश्नांची लेखी उत्तरे द्यायला संस्था टाळाटाळ करीत असेल, तर तोही एक निर्णायक संकेत समजावा.

शुल्क भरण्यापूर्वी, शक्य असेल तर, काही आठवडे क्षेत्रात घालवावेत. बांबोळीच्या मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, विशेष मुलांची शाळा, व्यसनमुक्तीचे काम करणारी संस्था अशा ठिकाणी परवानगी घेऊन स्वयंसेवक म्हणून राहिले, तर आपली ओढ व्यक्तीकडे आहे, कुटुंबाकडे आहे, आकडेवारीकडे आहे की मेंदूच्या रचनेकडे, हे माहितीपत्रकापेक्षा लवकर उमगते.

आणखी एक गोष्ट क्वचितच उघडपणे बोलली जाते. स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या वेदनेतून या विषयाकडे वळलेले विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यात कमीपणाचे काही नाही. उलट त्या अनुभवातून दुसऱ्याविषयीची समज येते. परंतु पदव्युत्तर शिक्षण हा स्वतःवरचा उपचार होऊ शकत नाही. तो हवा असेल तर वेगळा घ्यावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

मन म्हणजे काय, या प्रश्नाचे अंतिम उत्तर मिळाल्यावरच अभ्यासक्रम निवडायचा ठरवले, तर अर्ज कधीच भरला जाणार नाही. निवडीपुरते एवढे ठरवले तरी पुरे, की त्या प्रश्नाच्या कोणत्या बाजूवर आपण रोज, कंटाळा न करता काम करू शकू. उरलेल्या दोन बाजू सांभाळणारे सहकारी लागतीलच. त्यांचे म्हणणे ऐकण्याची तयारी कोणतेही विद्यापीठ प्रवेश परीक्षेत तपासत नाही. रुग्णासमोर बसल्यावर मात्र पहिल्याच दिवशी तिची गरज भासते.