लोगो फाटतोय? व्हेक्टर मागा!

वाढदिवस असो, दुकानाचं उद्घाटन असो की 'भावी सरपंच' असल्याची घोषणा. आपल्याकडे फ्लेक्सशिवाय पान हलत नाही. इंदापूर-अकलूज रस्त्यावरचं बावडाही त्याला अपवाद नाही. तिथे माझा मावसभाऊ कृषी सेवा केंद्र काढतोय. कर्ज काढून, आणि गेल्या वर्षी गेलेल्या काकांच्या नावानं. बोर्डासाठी त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर लोगो पाठवला, सोबत मेसेज, 'ताई, हाच ओढून दहा फुटी कर.'

गोची इथेच आहे, मंडळी! लोगो होता जेपीजी, म्हणजे ठिपक्यांचा. रुंदी फक्त ३०० ठिपके. दहा फूट म्हणजे १२० इंच. भागाकार करा, एकेक ठिपका सेंटिमीटरभर होतो! मधली माहिती फाइलमध्ये नसतेच, मग सॉफ्टवेअर ती अंदाजपंचे भरतं. फ्लेक्सवाल्यांच्या भाषेत लोगो 'फाटतो'. काकांचं नाव असं धूसर लावायचं?

व्हेक्टरचा फंडा वेगळा. त्यात ठिपके नाहीत, गणित असतं. रेघ इथून निघाली, एवढी वळली, तिथे थांबली. साइझ बदलली की कॉम्प्युटर गणित पुन्हा मांडतो, धार तशीच राहते. १९६०च्या दशकात रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या बॉडीसाठी वापरलेल्या वक्ररेषा आज लोगोत आहेत, फॉन्टमध्येही आहेत. र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट अर्जात छापा की पोस्टरवर, अक्षर फाटत नाही ते यामुळेच.

जेपीजी नुसता सीडीआरमध्ये चिकटवला म्हणून व्हेक्टर होत नाही. म्हणून आम्ही तो खाली ठेवून कोरलड्रॉमध्ये लोगो नव्यानं रेखाटला. वेळ गेला, पण धार आली.

प्रिंटरकडे जाण्याआधी

- डिझायनरकडून सीडीआर, एआय किंवा एसव्हीजी अशी मूळ फाइल मागून घ्या.
- अक्षरं 'कन्व्हर्ट टू कर्व्हज' करा. श्री-लिपीचा फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर मराठीऐवजी भलतंच काहीतरी उमटतं. आधी एक कॉपी मात्र तशीच ठेवा, नंतर स्पेलिंग बदलता येत नाही.
- आउटलाइनला 'स्केल विथ ऑब्जेक्ट' टिक करा. नाहीतर लोगो हत्तीएवढा आणि रेघ केसाएवढी!
- फोटो ठिपक्यांचाच राहणार, तो मुळातच मोठा घ्या.

तीच एक फाइल पावतीपुस्तकालाही चालते आणि टेम्पोच्या मागेही. सो, पुढच्या वेळी लोगो करून घ्याल तेव्हा पैसे चित्राचे नाही, फाइलचे द्या!