सरदार पणिक्कर आणि मध्यरात्रीचा निरोप

जुने कागद तपासतांना आपण प्रथम लेखकाचा पक्ष पाहतों. बखरकार कोणाचा आश्रित, वकील कोणाचा मिंधा, हें ठरलें कीं त्याच्या लेखाची किंमत ठरली, असें आपल्यापैकीं पुष्कळांस वाटतें. ही कसोटी किती अपुरी आहे, हें सरदार कावालम् माधव पणिक्कर यांच्या चरित्रावरून कळतें.

पणिक्करांचा जन्म इ. स. १८९५ त त्रावणकोर संस्थानांत झाला. ऑक्सफर्डास इतिहासाचें अध्ययन व अलीगढास अध्यापन करून ते वृत्तपत्राकडे वळले; १९२४ सालीं दिल्लीस निघालेल्या 'हिंदुस्तान टाइम्स'चे ते पहिले संपादक होत. पुढें ते बिकानेरचे दिवाण झाले. या खटपटींतहि मलबारांतील पोर्तुगीज व डच यांवर त्यांनीं ग्रंथ लिहिले. राज्यपुनर्रचना आयोगाचे सभासद म्हणून महाराष्ट्राचा रोष त्यांनीं ओढवून घेतला, तो विषय निराळा.

१९४८ त ते चीनमध्यें भारताचे राजदूत झाले; राज्यक्रांतीनंतर नव्या राजवटीकडेहि तेच गेले. ऑक्टोबर १९५० च्या आरंभीं एका मध्यरात्रीं चाउ एन्-लाय यांनीं त्यांस पेकिंग येथें बोलावून सांगितलें कीं, अमेरिकी फौज अडतिसावें अक्षवृत्त ओलांडून उत्तर कोरियांत शिरल्यास चीन स्वस्थ बसणार नाहीं. दक्षिण कोरियाची सेना एकटी गेल्यास गोष्ट वेगळी. पणिक्करांनीं हें तत्काळ दिल्लीस कळविलें व निरोप वॉशिंग्टनपर्यंत पोंचला.

अध्यक्ष ट्रूमन यांनीं पुढें आपल्या आठवणींत लिहिलें, त्याचा आशय असा: पणिक्कर चिनी साम्यवाद्यांस अनुकूल वागत आलेले, तेव्हां त्यांचें म्हणणें निःपक्ष साक्षीदाराचें मानतां येईना. थोड्याच दिवसांत अमेरिकी फौजेनें ती रेषा ओलांडली. १९ ऑक्टोबरास चिनी सैन्य यालू नदी उतरूं लागलें. युद्ध १९५३ पर्यंत लांबलें.

पणिक्करांचा नव्या राजवटीकडे ओढा होता, हें आम्हीहि नाकारीत नाहीं. परंतु नैयायिक यथार्थ सांगणाऱ्यास आप्त म्हणतात. तो कोणाचा स्नेही, हें ते विचारीत नाहींत. शिवाय अमेरिका व नवा चीन यांमध्यें राजनैतिक संबंधच नव्हता. ज्या जवळिकीमुळें पणिक्करांवर अविश्वास दाखविला, तिच्यामुळेंच तर निरोप त्यांच्या हातीं आला! दिल्लींतील हिंगण्यांचीं पत्रें 'स्वार्थी माणसाचीं' म्हणून बाजूस सारणारांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.

त्या रात्रीचा वृत्तान्त पणिक्करांच्या 'इन टू चायनाज्' या १९५५ च्या ग्रंथांत आहे. संग्राहकांनीं तो ट्रूमनच्या आठवणींशेजारीं ठेवून वाचावा. पणिक्कर १९६३ त म्हैसूर येथें वारले.