नेत्रांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या

मनुष्यदेहांत सर्वत्र रक्तवाहिन्यांचें जाळें पसरलेलें आहे. परंतु त्वचेच्या व मांसाच्या आवरणामुळें तें आपणांस दिसत नाहीं. शस्त्र न लावतां हें जाळें स्पष्टपणें पाहतां यावें अशीं स्थळें फार थोडीं, आणि त्यांत डोळ्याचा अंतर्भाग श्रेष्ठ होय. डोळ्याच्या मागील बाजूस आंतून एक पातळ पडदा असतो. त्यास दृष्टिपटल म्हणतात. बाहुलींतून शिरलेला प्रकाश याच पडद्यावर पडतो. त्यांतील केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात कीं, रक्तांतील तांबड्या पेशींना त्यांतून बहुधा एकामागून एक असेंच जावें लागतें.

बाहुली काळी कां दिसते? आंत गेलेला प्रकाश आल्या वाटेनेंच परत फिरतो. तो पाहण्यासाठीं त्या वाटेवर डोकें नेलें, तर आपलीच सावली आड येते. ही अडचण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें कांच तिरपी धरून दूर केली. कांचेवरून परावर्तित झालेला प्रकाश डोळ्यांत जाई, आणि परत येणारा प्रकाश त्याच कांचेंतून पार होऊन पाहणाऱ्यास दिसे. त्याचें हें नेत्रदर्शक यंत्र १८५१ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें १९६१ सालीं नोव्हॉटनी व ॲल्व्हिस या दोन अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं, हाताच्या शिरेंत चकाकणारा रंग सोडून, नेत्रांतील रक्ताभिसरणाचीं छायाचित्रें घेण्याची रीत प्रसिद्ध केली. आतां रंग न टोंचतांही हें साधतें. प्रकाशकिरणांच्या साह्यानें एकाच जागेचीं चित्रें लागोपाठ घेतात. स्थिर भाग सर्व चित्रांत सारखा राहतो, वाहतें रक्त तेवढें बदलतें, आणि त्या फरकावरून यंत्र वाहिन्यांचा नकाशा काढतें.

या नकाशावरून वाहिन्यांची घनता मोजतात. समजा, नकाशाचे १०० समान चौकोन पाडले व त्यांपैकीं ४५ चौकोनांइतकी जागा वाहिन्यांनीं व्यापलेली आढळली, तर घनता शेंकडा ४५ झाली. मळ्यांत मुख्य पाट भरून वाहत असला, तरी लहान दांड बुजले म्हणजे वाफे कोरडे पडूं लागतात. मधुमेहांत असेंच घडतें. रक्तांतील अधिक साखरेनें केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात, कांहीं वाहिन्या बंद पडतात व घनता घटते. पुष्कळ रोग्यांत ही घट, वैद्यास पटलावर रक्ताचे ठिपके दिसण्यापूर्वींच मोजतां येते. रक्तदाब वाढलेल्या मनुष्याच्या नेत्रांतही लहान धमन्या अरुंद झालेल्या आढळतात.

तथापि एका आंकड्यावरून रोगाचें नांव ठरत नाहीं. वाढतें वय, अधिक ऱ्हस्वदृष्टि व कांचबिंदु यांमुळेंही घनता कमी होते. शिवाय निरनिराळ्या यंत्रांचीं मापें जुळतातच असें नाहीं. म्हणून एकाच मनुष्याचीं एकाच यंत्रावरील मापें कालांतरानें ताडून पाहणें उचित. मूत्रपिंडाचे व स्मृतिभ्रंशाचे विकारही या मापावरून लवकर ओळखतां येतील काय, याचें संशोधन चालूं आहे.

या विषयाकडे आम्ही पालकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणींत देशांतील मधुमेही लोकांची संख्या १० कोटींहून अधिक अंदाजिली आहे. हा नेत्ररोग आरंभीं दुखत नाहीं व दृष्टीही मंद करीत नाहीं. त्यामुळें मनुष्य निर्धास्त राहतो. दिसेनासें झाल्यावर धांवणाऱ्यास गेलेली दृष्टि पूर्णपणें परत मिळतेच असें नाहीं. उलट, वेळींच ओळखल्यास साखरेवर ताबा ठेवून व योग्य उपचारांनीं बहुतेकांची दृष्टि राखतां येते. यास्तव मधुमेही मनुष्यानें, चांगलें दिसत असलें तरी, दरवर्षीं नेत्रांची तपासणी करवावी. विद्यार्थ्यांनींही घरच्या वडील माणसांस याची आठवण द्यावी. ही सेवा लहानाच्याही हातून घडण्यासारखी आहे. शुभवर्तमानांत नेत्रास शरीराच्या दिव्याची उपमा दिलेली आहे. दिवा मालवण्यापूर्वींच तेल पाहणें, हेंच शहाणपण होय.