१,१५५ सामन्यांनंतर

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. पण क्रिकेट पाहणाऱ्याला तो समजायला कठीण नाही. तीन ‘स्ट्राइक’ झाले की फलंदाज बाद, एवढे कळले तरी पुरे. आपल्याला ठाऊक नसते ती त्या खेळामागची उतरंड. सर्वांत वर मेजर लीगचे ३० संघ. त्यांतला एक कॅनडातला, बाकीचे अमेरिकेतले. प्रत्येकाच्या हाताखाली मायनर लीगचे संघ असतात. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या चढत खेळाडूने वर जायचे. बहुतेकांची चढण मध्येच संपते.

ड्रू मॅगीला २०१० साली पिट्सबर्ग पायरेट्स संघाने पंधराव्या फेरीत निवडले. त्यानंतर जवळजवळ तेरा वर्षे तो खालच्याच पायऱ्यांवर खेळत राहिला. संघ बदलले, गावे बदलली. सप्टेंबर २०२१ मध्ये मिनेसोटाच्या मेजर लीग संघाने त्याला वर बोलावले खरे, पण एकदाही मैदानावर न उतरवता परत पाठवले. हे वाचताना मला त्या तेरा वर्षांपेक्षा हेच अधिक जिव्हारी लागले. दारापर्यंत नेऊन आत न घेणे ही काही साधी गोष्ट नव्हे.

पैशाचेही सांगायला हवे. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामुदायिक करार झाला. तोवर डबल-एच्या खेळाडूचे वर्षाचे किमान वेतन १३,८०० डॉलर होते. करारानंतर ते ३०,२५० झाले. त्याच वर्षी मेजर लीगचे किमान वेतन ७,२०,००० डॉलर होते! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ‘शिकून नोकरी कधी लागणार?’ हा प्रश्न मला नित्याचा आहे. मॅगीला तो किती जणांनी आणि किती वर्षे विचारला असेल!

एप्रिल २०२३ मध्ये पिट्सबर्गचा एक खेळाडू घरच्या दुःखद प्रसंगामुळे रजेवर गेला आणि त्याच्या जागी मॅगीला बोलावणे आले. तोवर मायनर लीगमध्ये त्याचे १,१५५ सामने झाले होते. २६ एप्रिलला, लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्धच्या सामन्यात, आठव्या डावात तो बदली फलंदाज म्हणून उतरला. वय ३३. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. अजून त्याने काहीच केले नव्हते, तरीही.

आणि तो तीन स्ट्राइकवर बाद झाला.

चित्रपटात असे कुणी दाखवले नसते. परंतु टाळ्या त्या एका फटक्यासाठी नव्हत्याच, असे मला वाटते. तीनच दिवसांनी, २९ एप्रिलला, वॉशिंग्टनविरुद्ध त्याने पहिला ‘हिट’ मिळवला. त्या वेळी तो मेजर लीगमध्ये एकूण तीन सामने खेळला. सहा वेळा फलंदाजी केली आणि दोन हिट मिळवले. मग रजेवरचा खेळाडू परतला आणि मॅगी पुन्हा मायनर लीगमध्ये खेळायला गेला.