गल्ला घेऊन कॅसिनोत जाऊ नका!



करमाळ्याचं दुकान दोन दिवस मुलाकडे सोपवून तुम्ही दोघं गोव्याला निघालाय? जरूर जा. संध्याकाळी पणजीत मांडवी नदीवर कॅसिनोची जहाजं झगमगायला लागली, की आत डोकवावंसं वाटणारच. आपल्याकडे कॅसिनो नाहीत. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि पुढे रद्द झाला. गोव्यात मात्र हा परवान्याचा धंदा आहे. म्हणून धंदेवाल्याच्या नजरेनं बघा.

एका शून्याच्या रूलेट चाकावर ३७ खाने असतात. समजा, प्रत्येक खान्यावर १०० रुपये लावले. झाले ३,७००. एक खाना लागणारच! पण परत मिळतात ३,६००. म्हणजे कॅसिनोचं मार्जिन साधारण २.७ टक्के. साखरेच्या पोत्यासारखं कमी वाटतं ना? पण पोतं संपायला दिवस जातात, चाक मात्र रात्रभर फिरतं. यात फसवणूक नाही, उलाढालीचं गणित आहे. आणि इथं गिऱ्हाईक तुम्ही आहात!

तीन नियम पाळा:

१. रक्कम घरीच ठरवा. तो करमणुकीचा खर्च, गुंतवणूक नव्हे.
२. दुकानाच्या खात्याचं कार्ड आणि यूपीआय वापरू नका.
३. हरलेले वसूल करायला बसू नका. दोघांपैकी एकानं ‘चला’ म्हटलं, की उठायचं.

लक्षात ठेवा, गल्ल्यातला सगळा पैसा तुमचा नसतो. त्यात होलसेलवाल्याचं देणं असतं आणि मुलाला भरायचा पुढचा मालही.