आगगाडीचा गार्ड काय करतो?

गाडी फाटकावरून धडधडत निघून जाते आणि अगदी शेवटी, मागच्या डब्याच्या दारात, हिरवा बावटा धरलेला एक माणूस दिसतो. तो गार्ड. ‘शिट्टी वाजवायची आणि बसून जायचे, याला काम ते काय?’ असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ड्रायव्हर इंजिन चालवतो, पण गाडीचा मुखत्यार गार्ड असतो. अमेरिकेत याच माणसाला कंडक्टर म्हणतात. आपल्याला कंडक्टर म्हटले की एस. टी. आठवते. आपल्या रेल्वेने २०२२ साली त्याचे नाव ‘ट्रेन मॅनेजर’ केले. लोकांच्या तोंडी मात्र गार्डच आहे, आणि तेच बरे.

त्याचे काम गाडी हलण्याआधी सुरू होते. त्याच्या डब्यात ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब दाखवणारा काटा असतो. ड्रायव्हरने पुढे ब्रेक लावला की हा काटा उतरला पाहिजे, सोडला की चढला पाहिजे. तसे झाले तर नळी शेवटपर्यंत जोडलेली आहे. मध्येच एखादी तोटी बंद राहिली, तर तिच्या मागच्या डब्यांना ड्रायव्हरचा ब्रेक पोचतच नाही. इगतपुरीहून कसाऱ्याकडे ३७ फुटांना एक फूट उतार आहे. तिथे भरलेली मालगाडी अशी निघाली तर काय होईल, ते सांगायला नको.

शेवटच्या डब्याच्या पाठीवर ‘एल. व्ही.’ या इंग्रजी अक्षरांची पाटी असते, रात्री लाल दिवा. हा डबा शेवटचा, एवढाच तिचा अर्थ. पण ती दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, ही स्टेशनमास्तरची खूण. समजा जोडणी तुटून चार वाघिणी वाटेत राहिल्या आणि तरीही मागच्या स्टेशनाला ‘लाईन मोकळी’ असे कळवले, तर पुढची गाडी थेट त्यांच्यावर येईल! आता पुष्कळ ठिकाणी चाके मोजणारी यंत्रे रुळाला बसवली आहेत, तरी मास्तर त्या पाटीकडे बघतोच.

खरी कसोटी लागते ती गाडी रानात अडली म्हणजे. मागून गाडी येण्याचा धोका असला, तर गार्ड दिवा आणि फटाके घेऊन उलट दिशेने चालू लागतो. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. चपटी डबी असते; ती रुळावर बांधायची, चाकाखाली आली की मोठा बार होतो आणि येणारा ड्रायव्हर सावध होतो. रुंद मार्गावर ६०० मीटरवर एक फटाका, आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. इतके लांब कशाला? तर भरधाव गाडी जागच्या जागी थांबत नाही म्हणून. पावसाळी रात्री, खडी तुडवत, एकट्याने सव्वा किलोमीटर जायचे. मालगाडीच्या मागे गार्डाऐवजी यंत्र लावण्याचे प्रयोग अलीकडे झाले आहेत. गाडी अख्खी आहे की नाही, हे ते यंत्र सांगेल. फटाके बांधायला मागे कोण जाणार, हे आधी ठरवायला हवे.

मुंबईच्या लोकलमध्ये गार्ड आणि मोटरमन घंटीने बोलतात: दोन ठोके म्हणजे चल, एक म्हणजे थांब.

गुरुजी, मुलांना स्टेशनावर न्याल तेव्हा रुळापासून दूर उभे करा आणि न थांबता जाणारी गाडी दाखवा. इंजिन गेल्यावर मुले वळतील. त्यांना म्हणावे, थांबा, मास्तर अजून बावटा धरून कुणाची वाट पाहतो आहे ते बघा.