विषारी अळंबीचा खटला आणि जगाची चावडी

गावात एखाद्या घरी जेवणानंतर चार माणसे ओकायला लागली, की लोकांची नजर पहिल्यांदा कोणाकडे जाते? पाण्याच्या हंड्याकडे नाही, तेलाच्या डब्याकडे नाही, शिळ्या भाताकडेही नाही. ती जाते चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईकडे. त्यातून ती सून असली आणि नवऱ्याशी तिचे पटत नसले, तर मग विचारूच नका. दवाखान्याचा कागद हाती यायच्या आत पारावर निकाल लागलेला असतो. माय-बहिणींनो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आज अशाच एका जेवणाची हकिगत सांगायची आहे. ती घडली फार दूर, ऑस्ट्रेलियात. पण पात्रे तुमच्या ओळखीची आहेत: सून, सासू, सासरा, मावससासू आणि मावससासरे. नवऱ्यालाही बोलावणे होते, पण तो बायकोपासून वेगळा राहत होता आणि येत नाही असे त्याने आदल्या दिवशीच कळवले. पारावरची माणसे पहिल्या आठवड्यात जे बोलली, तेच न्यायालयाने पुढे मान्य केले. तरी त्याला जवळजवळ दोन वर्षे लागली. ती का लागली, हे समजून घेण्यासारखे आहे.

मेलबर्न शहराच्या आग्नेयेस सुमारे १३५ किलोमीटरवर लिओंगाथा नावाचे गाव आहे. हा दुधाचा मुलूख. हिरव्या टेकड्या आणि त्यांवर चरणाऱ्या गाई. या गावात २९ जुलै २०२३ रोजी, शनिवारी दुपारी, एरिन पॅटरसन या बाईने पाहुण्यांना जेवू घातले. सासू-सासरे दोघेही सत्तरीचे, मावससासू ६६ वर्षांची आणि मावससासरे जवळच्या कोरुंबुरा गावातल्या चर्चचे पाद्री. बेत होता ‘बीफ वेलिंग्टन’ या पदार्थाचा. मांसाच्या तुकड्यावर अळंबीचे बारीक वाटण थापायचे, ते मैद्याच्या पारीत गुंडाळायचे आणि भट्टीत भाजायचे. हा पदार्थ सहसा एकच मोठा करून कापून वाढतात. या बाईने प्रत्येकासाठी सुटा केला होता. सोबत बटाट्याचा लगदा आणि शेंगा. जेवण झाल्यावर आपल्याला कर्करोग झाला असल्याचे तिने पाहुण्यांना सांगितले, आणि सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी प्रार्थना केली.

त्या रात्री चौघांनाही उलट्या-जुलाब सुरू झाले. ४ ऑगस्टला सासू आणि मावससासू, या दोघी सख्ख्या बहिणी, मेलबर्नच्या रुग्णालयात गेल्या. सासऱ्यांना दुसऱ्याचे यकृत बसवले होते, तरी ते ५ ऑगस्टला गेले. पाद्रीबाबा कित्येक आठवडे मरणाच्या दारात राहून वाचले.

हे विष असते तरी कसले?

त्या अळंबीला इंग्रजीत ‘डेथ कॅप’ म्हणतात, म्हणजे मरणाची टोपी. शास्त्रीय नाव ॲमनिटा फॅलॉइड्स. मूळची ही युरोपातली. ओक नावाच्या झाडाच्या मुळांशी तिचे सख्य असते. युरोपातून आणलेल्या ओकच्या झाडांबरोबर ती ऑस्ट्रेलियात पोचली. फिकट हिरवट-पिवळी छत्री, खाली पांढऱ्या पापुद्र्यांच्या झालरी, देठावर कडे आणि बुडाशी पांढरी वाटी. दिसायला देखणी. खाऊन वाचलेल्यांनी तिची चवही चांगलीच सांगितली आहे. एवढी एक अळंबी मोठ्या माणसाचा जीव घ्यायला पुरते. शिजवून, तळून किंवा वाळवून तिचे विष जात नाही.

या विषाची सर्वांत वाईट खोड म्हणजे ते उशिरा बोलते. खाल्ल्यावर सहा तास, कधी बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ माणसाला काहीच होत नाही. मग जोराचे उलट्या-जुलाब. दिवसभराने ते थांबतात, रोग्याला बरे वाटू लागते, घरचे लोक देवाला नारळ फोडतात. आणि इकडे आत यकृत मरत असते. पेशींना लागणारी प्रथिने तयार करण्याचे कामच हे विष बंद पाडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते, शुद्ध हरपते. यावर हमखास उतारा नाही. डॉक्टर औषधे देतात, सलाईन लावतात. पण काही रोग्यांना नवे यकृत बसवण्यावाचून दुसरा इलाज उरत नाही.

आता थोडे आपल्या घराकडे येऊ. पावसाळ्यात कोकणात अळंबी, गोव्यात अळमी आणि विदर्भाच्या रानात सात्या निघतात, आणि जाणती माणसे वारुळावरची नेमकी ओळखून आणतात. ती वाडवडिलांपासूनची विद्या आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण विद्या एकाची आणि धाडस दुसऱ्याचे असे झाले की घात होतो. भांड्यात चांदीचे नाणे टाकून बघा, लसणाची पाकळी टाका, काळी पडली तर विषारी, असे सांगतात. हे साफ खोटे आहे. किड्यांनी कुरतडलेली अळंबी माणसाला चालते, हेही खोटे. गोगलगाय जे पचवते ते आपल्याला पचेलच असे नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन १३ माणसे दगावली. त्यांतली बहुतेक चहाच्या मळ्यांतली कष्टकरी कुटुंबे होती. तिथे कोणी कोणाला विष घातले नव्हते.

म्हणून, रानातली अळंबी खाल्ल्यावर कोणाला उलटी झाली, तर सकाळपर्यंत बघू म्हणून थांबू नका, आणि बरे वाटतेय म्हणून दवाखान्यातून उठून येऊ नका. उरलेली भाजी, साफ करताना टाकलेले देठ-तुकडे पिशवीत घालून बरोबर न्या. जेवण किती वाजता झाले, तेही डॉक्टरांना सांगा. पोटदुखी जेवणानंतर किती तासांनी सुरू झाली, यावरून डॉक्टरला बरेच कळते. लाजेपोटी भांडी घासून ठेवायची घाई आपल्या बायका करतात. ती करू नये. लिओंगाथालासुद्धा कचऱ्याच्या डब्यातले उरलेसुरले जेवण तपासले, तेव्हा त्यात विषाचा अंश सापडला.

म्हणजे विषाने मरण आले, हे ठरले. पण ते विष जेवणात गेले कसे, चुकून की जाणूनबुजून? सगळा खटला या एका प्रश्नावर उभा होता.

जगाने मात्र उत्तर आधीच देऊन टाकले होते. एरिन पॅटरसनला अटक झाली २ नोव्हेंबर २०२३ रोजी, आणि खटला सुरू झाला २०२५ च्या एप्रिलच्या अखेरीस. आपल्या भागातच खटला चालावा अशी मागणी तिनेच केली होती, म्हणून तो मेलबर्नऐवजी मॉरवेल या लहानशा गावात उभा राहिला. पहाटेपासून कोर्टाच्या दारात रांगा लागत. देशोदेशीचे बातमीदार येऊन राहिले. रोजचे कामकाज संध्याकाळी मोबाईलवर कथेसारखे ऐकायला मिळे, आणि बीफ वेलिंग्टन कधी न पाहिलेली माणसेही त्यावर मत देत. एका रेडिओ कार्यक्रमात बाईला थेट दोषी ठरवल्यासारखे बोलणे झाले, तेव्हा न्यायाधीश ख्रिस्तोफर बील यांनी भर कोर्टात त्याची दखल घेतली आणि असल्या बोलघेवड्यांची चांगलीच कानउघाडणी केली.

लोक कशावर भांडत होते? एक म्हणजे ताटल्यांवर. वाचलेल्या पाद्रीबाबांनी साक्ष दिली की पाहुण्यांच्या चार ताटल्या करड्या होत्या आणि यजमानीणबाईची वेगळी, नारिंगीसर, लहान. दुसरे म्हणजे सुकवणी यंत्र. भाज्या-फळे वाळवायचे विजेचे यंत्र तिने त्याच वर्षी एप्रिलमध्ये विकत घेतले होते. जेवणानंतर चार दिवसांनी ते तिने कचरा डेपोत नेऊन टाकले, आणि असले यंत्र आपल्याकडे कधी नव्हतेच असे पोलिसांना सांगितले. यंत्र सापडले, त्यावर तिच्या बोटांचे ठसे सापडले आणि विषाचा अंशही. तिसरे म्हणजे कर्करोग. तो झालाच नव्हता. चौथे म्हणजे ती स्वतः दवाखान्यात आली आणि डॉक्टर थांबवत असताना पाच मिनिटांत निघून गेली. पुन्हा आली ती दीड तासाने.

एवढे ऐकल्यावर कोण म्हणेल ती निर्दोष? पण, वाचकहो, जरा थांबा. बचावाचे वकील म्हणाले, ती खोटे बोलली हे कबूल. पण घाबरलेला माणूस खोटे बोलतो. तिने स्वतः पिंजऱ्यात उभे राहून आठ दिवस उत्तरे दिली. रानातली अळंबी वेचायचा आपल्याला छंद होता, वाळवलेली अळंबी एका डब्यात दुकानच्या अळंबीत मिसळली गेली असावी, आणि माणसे मरू लागल्यावर मुले आपल्यापासून काढून घेतील या भीतीने यंत्र फेकले, असे ती म्हणाली. शिवाय, सासू-सासऱ्यांना मारून तिला काय मिळणार होते? मिळकतीचा तंटा असा काही नव्हता. सरकारी वकिलांनी कारण सिद्ध केलेच नाही. कायद्याने ते सिद्ध करण्याचे बंधनही नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावले ते मला फार मोलाचे वाटते. बाई खोटे बोलली याबद्दल तिच्यावर खटला नाही. हे नीतीचे न्यायालय नव्हे. निरपराध माणूसही भीतीने पुरावा लपवू शकतो, हे ध्यानात ठेवा. आणि मेलेल्यांबद्दलची कणव किंवा आरोपीबद्दलचा राग यांवर निकाल देऊ नका. आपल्या पारावर असे सांगणारा कोणी असता, तर किती सुनांचा छळ वाचला असता!

आणखी एक गोष्ट ज्यूरीच्या कानावर येऊच दिली नव्हती. याआधी २०२१ आणि २०२२ मध्ये बायकोने केलेल्या जेवणांनंतर आपण अनेकदा मरता मरता वाचलो, असे नवऱ्याचे म्हणणे होते. त्याबद्दल वेगळे आरोप ठेवले होते, पण खटला सुरू होताना सरकार पक्षाने ते मागे घेतले. ते कधी सिद्ध झाले नाहीत. निकालानंतर, ऑगस्ट २०२५ मध्ये, ही हकिगत छापायला परवानगी मिळाली. ज्या बारा माणसांनी बाईला दोषी ठरवले, त्यांनी हे न ऐकताच ठरवले. चावडीवर नेमके उलटे होते. जे सिद्ध झालेले नसते तेच आधी सांगितले जाते.

ज्यूरी म्हणजे न्यायाधीशाच्या जोडीला बसलेली साधी माणसे. आपल्याकडेही ती पद्धत होती. मुंबईतला १९५९ चा नानावटी खटला जुन्या माणसांना आठवत असेल. ‘ब्लिट्झ’सारखे वर्तमानपत्र आरोपीच्या बाजूने उभे राहिले, सारे शहर हळहळले, आणि आठ विरुद्ध एक अशा मताने ज्यूरीने नौदलाच्या त्या अधिकाऱ्याला निर्दोष म्हटले. उच्च न्यायालयाने ते फिरवून त्याला शिक्षा दिली, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे आपल्या फौजदारी कायद्यातून ज्यूरी गेली. लोकांच्या बोलण्याचा वारा ज्यूरीच्या खोलीत शिरतो, ही भीती खोटी नव्हती. म्हणूनच मॉरवेलच्या बारा जणांना निकालाचा विचार चालू असताना हॉटेलात वेगळे ठेवले होते.

ते आठवडाभर विचार करत होते. ७ जुलै २०२५ रोजी त्यांनी एकमताने सांगितले: तिन्ही खुनांत दोषी, पाद्रीबाबांच्या खुनाच्या प्रयत्नातही दोषी. ८ सप्टेंबरला बील यांनी जन्मठेप दिली, आणि ३३ वर्षे झाल्याशिवाय सुटकेचा अर्जही करता येणार नाही असे ठरवले. सरकार पक्षाने तर सुटकेची वाटच बंद करा म्हटले होते. हे का केलेस, ते तुझे तुलाच ठाऊक. मी त्यावर तर्क करणार नाही, अशा अर्थाचे न्यायाधीश बोलले. दोन वर्षे जग ज्या प्रश्नावर भांडले, त्याचे उत्तर न्यायालयाने दिले नाही, आणि त्यावाचून निकालही अडला नाही.

शिक्षेआधी, ऑगस्टमध्ये, पाद्रीबाबा कोर्टात बोलले होते. पत्नी गेल्यापासून आपण अर्धेच जिवंत आहोत, असे ते म्हणाले. मला जे केले त्याबद्दल मी तिला क्षमा करतो. पण इतरांना जे केले त्याची क्षमा करण्याचा अधिकार माझा नाही, असेही त्यांनी सांगितले. शिक्षा झाल्यावर ते कोर्टाबाहेर आले, पोलिसांचे, डॉक्टर-नर्सेसचे आभार मानले, आणि जमलेल्या कॅमेऱ्यांना विनंती केली, की आता आमच्या घरच्यांना एकांतात राहू द्या.